वर्षातून एकदा सांगून काय उपयोग?

मार्च २०१२ मध्ये अ‍ॅडोबी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख डोना मॉरिस भारतात आल्या होत्या. लांबच्या विमानप्रवासाचा शीण अजून उतरला नव्हता आणि समोर ‘इकॉनॉमिक टाइम्स’चा वार्ताहर. एचआरच्या कामात काही उलथापालथ करायची तर काय कराल, असा प्रश्न आला आणि मॉरिसबाई बोलून गेल्या, की वार्षिक मूल्यमापन आम्ही बंदच करणार आहोत. बातमी छापून आली. पंचाईत एवढीच, की असं काही कंपनीत अजून ठरलंच नव्हतं.

आता दोन वाटा होत्या. खुलासा करून शब्द मागे घ्यायचा, किंवा बोललोच आहोत तर करून दाखवायचं. त्यांनी दुसरी वाट धरली. कंपनीच्या अंतर्गत संकेतस्थळावर त्यांनी एक टिपण टाकलं आणि सध्याच्या अप्रेझलचं काय चुकतंय, ते कसं असायला हवं, हे कर्मचाऱ्यांनाच विचारलं. लोक तुटून पडले. त्या प्रतिक्रियांमधून त्याच वर्षी ‘चेक-इन’ नावाची नवी पद्धत उभी राहिली. दरम्यान कंपनीने जुन्या पद्धतीचा हिशेबही मांडला. सुमारे २,००० व्यवस्थापक त्या अप्रेझलवर वर्षाला ८०,००० तास घालवत होते. म्हणजे जवळपास ४० माणसांनी वर्षभर दुसरं काहीही न करता फक्त फॉर्म भरत बसावं, एवढा वेळ.

पुण्याच्या हिंजवडीत किंवा खराडीत काम करणाऱ्या कुणालाही या गोष्टीतला क्रम ओळखीचा वाटेल. अर्धवट कल्पना लवकर लोकांसमोर आणायची, ज्यांना ती वापरायची आहे त्यांचं ऐकायचं, आणि मग घडवायची. सॉफ्टवेअरच्या जगात याला अजाईल म्हणतात. मॉरिसबाईंच्या हातून ते अपघाताने झालं, ही गोष्ट वेगळी.

अजाईलची जन्मकथा थोडक्यात सांगायला हवी, कारण आज त्या नावाखाली बरंच काही खपवलं जातं. १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी मोठ्या सॉफ्टवेअर प्रणाली कशा बांधाव्यात यावर एक शोधनिबंध लिहिला. आधी गरजांची यादी, मग आराखडा, मग कोड, मग चाचणी अशा पायऱ्यांची आकृती त्यात होती. पुढे ‘वॉटरफॉल’ या नावाने तीच जगभर गिरवली गेली. गंमत म्हणजे या पद्धतीत धोका आहे, असं रॉइस यांनी त्याच निबंधात लिहून ठेवलं होतं. आकृतीखालचा मजकूर वाचायची तसदी फारशी कोणी घेतली नाही. परिणाम असा, की दोन-दोन वर्षं खपून बनवलेली प्रणाली ग्राहकापुढे ठेवायची आणि त्याने म्हणायचं, ‘मला हे नको होतं.’ या अनुभवाने पोळलेले १७ जण फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्डच्या बर्फाळ डोंगरात जमले. केंट बेक, केन श्वेबर, जेफ सदरलंड ही त्यातली ठळक नावं. त्यांनी चार मूल्यांचा छोटा जाहीरनामा लिहिला, पाठोपाठ बारा तत्त्वं आली. त्यात ना रंगीत चिठ्ठ्यांचा फळा आहे, ना सकाळची उभ्याने घ्यायची बैठक. फळा टोयोटाच्या कारखान्यातल्या कानबान पद्धतीवरून आला, बैठक आणि स्प्रिंट (म्हणजे ठरावीक मुदतीची कामाची छोटी फेरी) ‘स्क्रम’ या कार्यपद्धतीतून. जाहीरनाम्याचा गाभा एवढाच, की केलेलं काम आणि त्यावरची प्रतिक्रिया यांच्यातलं अंतर कमी करा, आणि प्रतिक्रिया आली की बेत बदलायची तयारी ठेवा.

हे अंतर किती वाढू शकतं, याचा आपल्याकडचा सर्वांत बोलका दाखला सरकारी नोकरीतल्या गोपनीय अहवालाचा आहे. ‘सीआर’ हा शब्द ऐकून अजूनही अनेक निवृत्त कर्मचाऱ्यांच्या कपाळावर आठी येते. साहेबाने वर्षाअखेरीस शेरा लिहायचा आणि ज्याच्याविषयी लिहिला त्याला तो दाखवायचाच नाही. अपवाद फक्त प्रतिकूल शेऱ्याचा, तो कळवला जाई. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतले कार्यकारी अभियंता देव दत्त यांच्या बढतीसाठी आधीची पाच वर्षं ‘व्हेरी गुड’ हा शेरा आवश्यक होता. त्यांना चार वर्षं तो मिळाला आणि १९९३-९४ या एका वर्षी ‘गुड’ मिळाला. ‘गुड’ हा काही प्रतिकूल शेरा नव्हे, म्हणून तो कळवला गेला नाही, आणि त्यानेच बढती अडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मे २००८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की शेरा चांगला असो की वाईट, अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. तोवर देव दत्त निवृत्त झाले होते. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला देण्याचा आदेश काढला आणि त्याच्या नावातला ‘गोपनीय’ गेला.

त्या ‘गुड’ शेऱ्याचा कामाच्या दृष्टीने उपयोग काय झाला? १९९४ मध्ये कोणी येऊन ‘अमुक रस्त्याच्या कामात हे कमी पडलं’ असं सांगितलं असतं, तर पुढचं काम सुधारलं असतं. किंवा देव दत्त यांनी साहेबाला त्याची चूक दाखवून दिली असती, तेही चाललं असतं. दोन्ही झालं नाही. खासगी कंपन्यांतली वार्षिक अप्रेझल उघड असतात खरी, पण एप्रिलमध्ये झालेली चूक पुढच्या मार्चमध्ये ऐकवली जाते, तेव्हा ती ना सांगणाऱ्याला नीट आठवते ना ऐकणाऱ्याला. शेवटच्या दोन महिन्यांत काय झालं, त्यावरच वर्षाचा निकाल लागतो. म्हणून तर जानेवारी उजाडला की ऑफिसात उशिरापर्यंत थांबणाऱ्यांची संख्या वाढते.

बरं, त्या गुणांनी तरी काम मोजलं जातं का? २००० साली स्कलन, माउंट आणि गॉफ या तीन संशोधकांनी ४,४९२ व्यवस्थापकांची मूल्यमापनं तपासली. प्रत्येकाला दोन वरिष्ठ, दोन सहकारी आणि दोन कनिष्ठांनी गुण दिले होते. गुणांमधला ६२ टक्के फरक गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या तऱ्हेवरून ठरत होता, प्रत्यक्ष कामगिरीमुळे पडलेला फरक होता २१ टक्के. म्हणजे प्रगतिपुस्तक विद्यार्थ्याचं, पण त्यात दिसतो तो मुख्यतः मास्तर. डेलॉइटने हाच अभ्यास समोर ठेवून आपली पद्धत बदलली. ६५,००० पेक्षा जास्त कर्मचाऱ्यांच्या मूल्यमापनावर त्यांचे वर्षाला सुमारे २० लाख तास जात होते. मायक्रोसॉफ्टने २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये कर्मचाऱ्यांची सक्तीची उतरंड लावणं थांबवलं. २०१५ च्या सुमारास इन्फोसिसने अशाच उतरंडीचा ‘बेल कर्व्ह’ सोडला, तेव्हा आपल्याकडच्या आयटीवाल्यांमध्ये त्याची चर्चा झाली.

अ‍ॅडोबीच्या ‘चेक-इन’मध्ये सुरुवातीला गुण नव्हते, क्रमवारी नव्हती, एचआरकडे जमा करायचा फॉर्मही नव्हता. साहेब आणि कर्मचारी यांनी वर्षातून अनेकदा बसायचं आणि बोलायचं, की अपेक्षा काय आहेत, काय चाललंय, पुढे काय शिकायचंय. पगारवाढ मात्र वर्षातून एकदाच ठरे, आणि ती व्यवस्थापकाच्या हातातल्या रकमेतून. जाहीर झालेल्या आकड्यांनुसार स्वतःहून नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण ३० टक्क्यांनी घटलं. हा आकडा प्रत्येक एचआर परिषदेत सांगितला जातो. त्याचा जोडीदार आकडा मात्र कमी सांगितला जातो. कंपनीने स्वतः काढून टाकलेल्यांचं प्रमाण त्याच काळात ५० टक्क्यांनी वाढलं. अवघड बोलणं वर्षभर पुढे ढकलायची सोय उरली नाही, की हेही होतं. अजाईल म्हणजे कर्मचाऱ्यांचे लाड, अशी समजूत असलेल्यांनी हा दुसरा आकडा पाहावा.

आणि गुण काढून टाकले म्हणजे संवाद आपोआप सुरू होतो, असंही नाही. सीईबी या सल्लागार संस्थेने २०१६ मध्ये गुण बंद केलेल्या कंपन्यांची पाहणी केली, तेव्हा तिथल्या साहेबांच्या संभाषणाचा दर्जा उलट घसरलेला दिसला. फॉर्म होता तेव्हा निदान त्याच्या धाकाने तरी वर्षातून एकदा समोरासमोर बसणं होत होतं. फेसबुकने तर त्याच सुमारास आम्ही मूल्यमापन ठेवणार आहोत असं लिहूनच जाहीर केलं. त्यांचं म्हणणं असं, की पगारवाढीसाठी कुठेतरी मनात गुण दिलेच जातात, मग ते झाकून ठेवण्यापेक्षा उघड बरे. हा मुद्दा मला पटतो. ज्या कंपनीत साहेबाला बोलायला शिकवलेलं नाही तिथे फॉर्म फाडणं म्हणजे फक्त कागद वाचवणं.

आता शिकवण्याकडेच वळू, कारण सुधारायचं काम सर्वांत जास्त तिथे साठून आहे. कंपन्यांतल्या प्रशिक्षणावर बराच काळ ‘अ‍ॅडी’ या पद्धतीचं राज्य होतं. १९७५ च्या सुमारास फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकन लष्करासाठी ती घडवली गेली. गरजेचं विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन हे तिचे पाच टप्पे. लष्कराला एकच गोष्ट हजारो जवानांना अनेक वर्षं शिकवायची असते, तिथे ती शोभते. कारखान्यात किंवा बँकेत मात्र पाचवा टप्पा येईपर्यंत पहिल्या टप्प्यातली गरजच बदललेली असते. म्हणून मायकेल अ‍ॅलन यांनी २०१२ मध्ये ‘सॅम’ ही छोट्या फेऱ्यांची पद्धत पुस्तकरूपाने मांडली. पाठाचा कच्चा नमुना लवकर करायचा, शिकणाऱ्यांवर वापरून पाहायचा, दुरुस्त करायचा, पुन्हा वापरायचा.

प्रत्यक्षात हे कसं दिसेल, यासाठी चाकणच्या एखाद्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याची कल्पना करू. रूढ पद्धतीने मार्चमध्ये प्रत्येक खातेप्रमुखाकडे ‘ट्रेनिंग नीड’चा फॉर्म जातो. कामाच्या घाईत तो ‘कम्युनिकेशन’, ‘लीडरशिप’, ‘टाइम मॅनेजमेंट’ यांपुढे खुणा करून परत पाठवतो. एप्रिलमध्ये ट्रेनिंग कॅलेंडर नोटीस बोर्डावर लागतं. सप्टेंबरात नव्या सुपरवायझरांना दोन दिवस हॉटेलात नेलं जातं, बाहेरचा ट्रेनर येतो, कागदाचे मनोरे बांधायचा खेळ होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फीडबॅक फॉर्म भरून घेतात. ट्रेनरला पाचपैकी साडेचार मिळतात, जेवणाला त्याहून थोडे जास्त. मॅन-डेज मोजून फाइलला लागतात, ऑडिटर खूश. इकडे लाइनवर शिफ्ट बदलली की पहिल्या तासात रिजेक्शन वाढतंय ते वाढतंच आहे.

आता दुसरी पद्धत. प्रशिक्षण अधिकारी फॉर्म पाठवत नाही. तीन दिवस शिफ्ट बदलायच्या वेळी लाइनशेजारी जाऊन उभा राहतो. त्याला दिसतं, की जाणारा सुपरवायझर येणाऱ्याला ‘चार नंबरचं मशीन जरा बघून घे’ एवढं म्हणून पळतो, कारण कंपनीची बस सुटायला दहा मिनिटं राहिलेली असतात. मशीनचं नेमकं काय बघायचं, कुठला माल क्वालिटीने अडवून ठेवलाय, कुठल्या ठिकाणी आज नवा ऑपरेटर आहे, यातलं काही पुढे जात नाही. मग तो हॉटेल रद्द करतो आणि एका पानाची हँडओव्हर शीट बनवतो. सगळ्या कारखान्यासाठी नाही, फक्त दोन लाइनींसाठी आणि दोन आठवड्यांसाठी. मोजायचं एकच ठरतं: पुढच्या शिफ्टच्या पहिल्या तासातलं रिजेक्शन.

पहिल्या आठवड्यात कळतं, की शीट इमानेइतबारे भरली जाते पण कोणी वाचत नाही. मग शीटचे रकाने लाइनच्या तोंडाशी एका पांढऱ्या फळ्यावर येतात. दुसऱ्या आठवड्यात लक्षात येतं, की फळ्यावर ‘मशीन बंद’ लिहिलेलं असतं, पण येणारा सुपरवायझर पुढचे प्रश्न विचारत नाही. कधीपासून, कोणी पाहिलं, तात्पुरतं काय केलंय, हे विचारायची त्याला सवय नाही. इथे, आणि फक्त इथेच, शिकवण्याचं काम निघतं. वीस मिनिटांचा सराव, खऱ्या बिघाडाच्या उदाहरणावर, लाइनशेजारीच. आणि एक अर्ज प्रशासनाकडे, की बस दहा मिनिटं उशिरा सोडा.

या सगळ्यात तो बसचा अर्ज मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी १९७० साली कामगिरीच्या अडचणींवर लिहिलेल्या पुस्तकात एक जुना, रोकडा प्रश्न आहे. जिवावर बेतलं तर हा माणूस हे काम करू शकेल का? करू शकत असेल, तर त्याला शिकवून उपयोग नाही, अडचण दुसरीकडेच आहे. वर्षभराचं कॅलेंडर आधीच छापून बसलेल्या विभागाला असं म्हणायची सोयच नसते. छोट्या फेरीत ती मिळते. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, समजलं का, वागण्यात उतरलं का, आणि कामाचा निकाल बदलला का. आपली बहुतेक प्रशिक्षणं पहिल्या पायरीवर जेवणासकट उत्तीर्ण होतात आणि तिथेच थांबतात.

भरतीच्या कामात अजाईलचा उपयोग त्यामानाने सोपा आहे, फार लांबवत नाही. एकाच वेळी चाळीस जागा उघड्या ठेवल्या तर चाळीसही रखडतात. कानबानचा नियम असा, की हातात घ्यायच्या कामांवर मर्यादा घाला. दहाच जागा घ्या, त्या भरा, मग पुढच्या. फळ्यावर जागा लावल्या की उमेदवार नेमका कुठे अडकतोय तेही दिसतं. बऱ्याचदा तो एचआरकडे अडकलेला नसतो. मुलाखत घ्यायला ज्या साहेबाला वेळ मिळत नाही, त्याच्या रकान्यात चिठ्ठ्यांचा ढीग असतो. हा फळा त्याच साहेबाच्या केबिनबाहेर लावावा, असा माझा आगाऊ सल्ला आहे.

ही झाली उजेडाची बाजू. आता सावलीची. नेदरलँड्समधल्या आयएनजी बँकेने २०१५ मध्ये मुख्यालयातल्या सुमारे साडेतीन हजार लोकांची जुनी खाती मोडून नऊ-नऊ जणांची सुमारे साडेतीनशे पथकं केली. मार्केटिंगवाला, आयटीवाला, उत्पादन सांभाळणारा असे सगळे एका टेबलाशी बसले. व्यवस्थापनाच्या वर्गात याचं कौतुक ऐकू येतं. पण तिथल्या माणसाच्या बाजूने पाहा: प्रत्येकाला नव्या रचनेत आपली जागा नव्याने मिळवावी लागली, आणि निवड करताना ज्ञान-अनुभवापेक्षा वृत्तीला जास्त वजन दिलं गेलं. जवळपास ४० टक्के लोक पूर्वीपेक्षा वेगळ्या कामावर गेले. जाणकार पण ‘वृत्ती जुळत नाही’ असे बरेच जण गमावले, हे बँकेच्या वरिष्ठांनीही मान्य केलं. वृत्ती कोण मोजणार आणि कशाने? ६२ टक्क्यांचा आकडा इथे पुन्हा आठवावा लागतो. सॉफ्टवेअरचा फसलेला प्रयोग मागे घेता येतो, जुनी आवृत्ती परत बसवता येते. माणसाची गेलेली जागा तशी परत बसत नाही.

म्हणून एचआरच्या काही कामांना या प्रयोगांपासून लांबच ठेवायला हवं. पीएफची रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायची असते, तिथे ‘पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू’ चालत नाही. लैंगिक छळाच्या तक्रारीची चौकशी २०१३ च्या कायद्याप्रमाणे ९० दिवसांत पुरी करावी लागते आणि तिची रीत ठरलेली आहे. ती दर वेळी वेगळी करून पाहणं हा तक्रारदारावरही अन्याय आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याच्यावरही. एका गटाला नवा पगारनियम आणि दुसऱ्याला जुना, असला ‘पायलट’ तर न केलेलाच बरा. तिथे नियम लेखी, आधी सांगितलेला आणि सगळ्यांना सारखा हवा.

उलट दिशेचा प्रकारही सर्रास दिसतो. एचआर विभागात सकाळची स्टँड-अप सुरू होते, भिंतीवर पिवळ्या-गुलाबी चिठ्ठ्या लागतात, पॉलिसीच्या मसुद्याला ‘व्हर्जन वन’ म्हणतात. मसुदा मात्र पूर्वीसारखाच बंद खोलीत तयार होतो आणि थेट मेलवर येतो. असा बदल ओळखायची खूण सोपी आहे. गेल्या तीन महिन्यांत कर्मचाऱ्यांच्या सांगण्यावरून एचआरने कोणता निर्णय फिरवला, एवढं विचारावं. एकही नाव आलं नाही, तर तो खर्च स्टेशनरीच्या खात्यात टाकावा.

तुम्ही एचआरमध्ये असाल, तर यंदाच्या कॅलेंडरमधला हॉटेलातला एक कार्यक्रम काढा आणि त्याच पैशात आपला एक माणूस दोन आठवडे कामाच्या जागी बसवून पाहा. आणि नुसते नोकरदार असाल, तर अप्रेझलच्या पत्राची वाट न बघता याच महिन्यात साहेबांना विचारा, की गेल्या महिन्यात मी कोणतं काम वेगळ्या तऱ्हेने करायला हवं होतं. ‘सगळं छान चाललंय’ असं उत्तर आलं, तर एका ठरावीक कामाचं नाव घेऊन पुन्हा विचारा.